वाहक लहरीत निरोप नसतो: रेडिओतील मॉड्युलेशन स्वतः करून समजून घेण्याच्या पायऱ्या

मॉड्युलेशन शिकवताना वर्गात ट्रकचा दाखला हमखास दिला जातो. लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीनची पोती स्वतःहून मुंबईला जात नाहीत, त्यांना ट्रक लागतो. तसाच आपला आवाज स्वतःहून दूर जात नाही, म्हणून त्याला उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर बसवून पाठवावे लागते, असे सांगितले की विद्यार्थी समाधानाने माना डोलावतात. मीही तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे हाच दाखला देत आलो. परंतु हा दाखला अर्धवट आहे, आणि तो जिथे चुकतो तिथेच या विषयाचा गाभा आहे. ट्रकमध्ये पोती असतात. वाहक लहरीत मात्र निरोप नसतो. निरोप असतो तो वाहक लहरीच्या दोन्ही अंगांना नव्याने निर्माण होणाऱ्या लहरींमध्ये. हे वाक्य पाठ करून उपयोग नाही, ते डोळ्यांनी पाहावे आणि कानांनी ऐकावे लागते. त्यासाठीच्या पायऱ्या या लेखात क्रमाने दिल्या आहेत.

पहिल्या तीन पायऱ्यांना वही, एक साधा संगणक आणि हेडफोन एवढेच पुरते. पुढच्या काही पायऱ्यांसाठी सीआरओ, म्हणजे विद्युत लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र, आणि फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेची लहर तयार करणारे यंत्र, लागते. मराठवाड्यातील बहुतेक तंत्रनिकेतनांच्या व पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही दोन्ही उपकरणे असतात, फक्त ती कपाटातून बाहेर काढण्याची विनंती करावी लागते. परिभाषेबद्दलही आधीच सांगतो. मॉड्युलेशनसाठी मराठीत ‘विरूपण’ हा शब्द आहे, परंतु लहरीत झालेल्या बिघाडालाही तोच शब्द वापरला जात असल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो. म्हणून येथे मॉड्युलेशन हाच शब्द ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की ध्यानात घ्यावी. या लेखातील एकाही प्रयोगात एरियल जोडून लहरी हवेत सोडायच्या नाहीत. भारतात परवान्याशिवाय रेडिओ प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, मग ते घरी जुळवलेल्या लहानशा एफएम ट्रान्समीटरने केलेले का असेना. विमानांचे दिशादर्शक संकेत एफएम पट्ट्याला लागूनच, १०८ मेगाहर्ट्झच्या वर, आणि विमानांशी होणारे बोलणे त्याच्या थोडे पुढे, ११८ मेगाहर्ट्झपासून, चालते आणि ओबडधोबड ट्रान्समीटर तिथे खरखर उमटवू शकतो. ज्यांना खरोखर प्रक्षेपण करायचे आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, रीतसर परवाना आहे. त्याची परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो.

पहिली पायरी: वहीतले गणित

प्रकाशाचा आणि रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. या वेगाला वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मिळते. आता १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार आवर्तनांचा, साधारण शिट्टीसारखा स्वर घ्या. त्याच वारंवारतेची विद्युतचुंबकीय लहर ३०० किलोमीटर लांबीची होईल. लहर नीट बाहेर फेकण्यासाठी एरियल किमान तिच्या चतुर्थांशाइतकी असावी असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ७५ किलोमीटरची तार झाली. छत्रपती संभाजीनगरात एक टोक बांधले तर दुसरे टोक जालना ओलांडून पुढे जाईल.

आता आकाशवाणीच्या परभणी केंद्राची १३०५ किलोहर्ट्झ ही मध्यमलहरीवरील वारंवारता घ्या. लांबी सुमारे २३० मीटर आणि चतुर्थांश ५७ ते ५८ मीटर येते, म्हणजे उभारता येईल असा मनोरा. बीडच्या १०२.९ मेगाहर्ट्झसाठी हाच आकडा सुमारे ७३ सेंटिमीटर येतो, आणि ट्रान्झिस्टरची एरियल आपण एफएमसाठी साधारण तेवढीच का ताणतो हे त्यावरून कळते. हे तिन्ही हिशेब स्वतः करावेत. उत्तर वाचणे आणि काढणे यांत फरक आहे.

दुसरे कारण गर्दीचे आहे. सर्वांचे आवाज वारंवारतेच्या एकाच लहान पट्ट्यात येतात. ते जसेच्या तसे पाठवले तर सगळी केंद्रे एकमेकांवर चढतील. म्हणून प्रत्येकाला वेगळी जागा नेमून दिलेली असते. आपल्याकडे मध्यमलहरीवर दोन शेजारील जागांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. १३०५ ला ९ ने भागून पाहिल्यास बरोबर १४५ येतात. मात्र दोन केंद्रांमध्ये एवढी जागा मोकळी का सोडावी लागते, १३०५ आणि १३०६ शेजारीशेजारी का चालत नाहीत, हा प्रश्न पुढच्या पायरीपर्यंत मनात ठेवावा.

दुसरी पायरी: स्प्रेडशीटमधील लहर

संगणकावर कोणतीही स्प्रेडशीट उघडा. पहिल्या स्तंभात ० ते ४०० असे अनुक्रमांक भरा. लहर काढण्याची रीत अशी: २ गुणिले पाय गुणिले ‘आवर्तनांची संख्या’ गुणिले अनुक्रमांक भागिले ४००, आणि या साऱ्याचे कॉस, म्हणजे कोज्या. दुसऱ्या स्तंभात आवर्तनांची संख्या २ ठेवा. हा आपला संदेश. तिसऱ्यात ती २० ठेवा. ही वाहक लहर. चौथ्या स्तंभात ‘१ अधिक ०.५ गुणिले संदेश’ काढून त्या बेरजेला वाहक लहरीने गुणा. चौथ्या स्तंभाचा रेषालेख काढला की पुस्तकातील ओळखीचे चित्र समोर येईल: लहर तीच, पण तिची उंची संदेशाच्या तालावर फुगते आणि आक्रसते. यालाच आयाम मॉड्युलेशन किंवा एएम म्हणतात. उंचीच्या टोकांना जोडणारी जी काल्पनिक रेषा दिसते ती आवरणरेषा, आणि तिचा आकार हुबेहूब संदेशाचा असतो.

पुस्तके इथे थांबतात, आपण पुढे जाऊ. आणखी तीन स्तंभ घ्या आणि त्यांत तीन स्वतंत्र, उंची न बदलणाऱ्या लहरी भरा: २० आवर्तनांची, उंची १, १८ आवर्तनांची, उंची ०.२५, आणि २२ आवर्तनांची, उंची ०.२५. या तिघींची बेरीज आठव्या स्तंभात करा आणि ती चौथ्या स्तंभाशी ताडून पाहा. सर्व ४०१ ओळींत आकडे जुळतील. फरक पडलाच तर संगणकाच्या शेवटच्या दशांशापुरता. फुगणारी-आक्रसणारी ती एक लहर म्हणजे प्रत्यक्षात तीन स्थिर लहरींची बेरीज आहे. दोन कोज्यांचा गुणाकार म्हणजे कोनांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या कोज्यांच्या बेरजेचा निम्मा भाग, हे अकरावीत सोडवलेले सूत्र इथे आवाज पाठवण्याचे काम करते.

बाजूच्या या दोन लहरींना साइडबँड म्हणतात. वाहकापासून त्यांचे अंतर संदेशाच्या वारंवारतेइतके, म्हणजे २, आहे. संदेश ३ केला तर त्या १७ आणि २३ वर सरकतील. संदेशाची उंची वाढवली तर त्यांची उंची वाढेल. वाहक लहर मात्र दोन्ही वेळा २० वर उंची १ घेऊन जशीच्या तशी उभी राहील. संदेशाने तिला स्पर्शही केलेला नाही. आणि १३०५ व १३०६ ची केंद्रे शेजारी का चालत नाहीत याचेही उत्तर इथेच मिळते: ४.५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवायचा तर दोन्ही अंगांना तेवढी, म्हणजे एकूण ९ किलोहर्ट्झ, जागा व्यापली जाते.

तिसरी पायरी: तीन स्वर ऐकणे

हीच गोष्ट कानांनी पटवून घेता येते, आणि विद्यार्थ्यांवर सर्वांत खोल परिणाम याच प्रयोगाचा होतो असा माझा अनुभव आहे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात तीन वेगळ्या ट्रॅकवर दहा-दहा सेकंदांचे तीन स्वर तयार करा: १००० हर्ट्झचा, तीव्रता ०.४, ९९८ हर्ट्झचा, तीव्रता ०.२, आणि १००२ हर्ट्झचा, तीव्रता ०.२. तिन्ही एकदम वाजवा. तीन स्वर ऐकू येणार नाहीत. एकच स्वर ऐकू येईल, जो सेकंदाला दोनदा चढतो आणि उतरतो.

आता ९९८ आणि १००२ चे ट्रॅक म्यूट करा. चढउतार नाहीसा होतो आणि सपाट शिट्टी उरते. वाहक लहर पूर्ण ताकदीने चालू आहे, पण निरोप गेला. याच्या उलट, १००० चा ट्रॅक म्यूट करून बाजूचे दोन चालू ठेवा. चढउतार टिकतो, मात्र आता तो सेकंदाला चार वेळा ऐकू येतो. निरोप शाबूत आहे, फक्त त्याची आवरणरेषा बदलली आहे. वाहकाचा आधार सुटल्याने उणे बाजूही उंचीच म्हणून मोजली जाते आणि ताल दुप्पट होतो. तेव्हा वाहक लहर पाठवण्याचे कारण एवढेच की समोरचा रेडिओ साधा आणि स्वस्त राहावा. ती निरोप वाहत नाही, निरोप वाचायला मदत करते.

या मदतीची किंमत मोठी आहे. वाहकाची शक्ती १० किलोवॉट धरली आणि मॉड्युलेशन पूर्ण शंभर टक्के केले, तर एकूण शक्ती १५ किलोवॉट होते. त्यातील दोन्ही साइडबँडना मिळून ५, म्हणजे केवळ एक तृतीयांश. मॉड्युलेशन ५० टक्के असेल तर साइडबँडच्या वाट्याला १.२५ किलोवॉट येतात, एकूण शक्तीच्या सुमारे ११ टक्के. म्हणूनच हॅम मंडळी वाहक आणि एक साइडबँड दोन्ही गाळून उरलेल्या एकाच साइडबँडवर बोलतात. असे बोलणे साध्या रेडिओवर बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते, कारण गाळलेला वाहक ग्राहक यंत्रात पुन्हा मिसळावा लागतो आणि साध्या रेडिओत ती सोय नसते.

चौथी पायरी: सीआरओवर एएम

फंक्शन जनरेटरवर ५०० किलोहर्ट्झची साइन लहर घ्या आणि एएमची सोय चालू करून १ किलोहर्ट्झचा संदेश द्या. सीआरओचा टाइमबेस ०.५ मिलिसेकंद प्रति चौकोन ठेवला की पाच आवर्तने दिसतील. चित्र पळू लागले तर जनरेटरला दोष देऊ नये. ट्रिगर, म्हणजे चित्र दर वेळी कुठून काढायला घ्यायचे हे ठरवणारी सोय, वाहक लहरीवर लागलेला असतो. संदेशाची लहर दुसऱ्या चॅनेलला देऊन ट्रिगर तिच्यावर लावला की चित्र स्थिर होते. माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक विद्यार्थी याच एका कारणाने प्रयोग सोडून देतात.

आता लहरीची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान उभी रुंदी चौकोनांत मोजा. समजा, ती ६ आणि २ आली. वजाबाकी ४, बेरीज ८, भागाकार ०.५ हा मॉड्युलेशन निर्देशांक. संदेशाची उंची हळूहळू वाढवा. निर्देशांक १ झाला की आवरणरेषेच्या वरच्या व खालच्या कडा मध्यरेषेवर एकमेकींना टेकतात. त्यापुढे काय होते ते स्प्रेडशीटमध्ये ०.५ च्या जागी १.५ घालून पाहणे अधिक स्पष्ट: कडा एकमेकींना ओलांडतात, मधल्या भागात लहर उलटी होते आणि आवरणरेषेत संदेश राहत नाही. काही जनरेटर शंभर टक्क्यांच्या वर लहर नुसती कापून टाकतात. तसे झाले तर कापलेल्या टोकांतून नको असलेले नवे साइडबँड तयार होतात आणि शेजारच्या केंद्राच्या जागेत घुसतात.

पाचवी पायरी: डायोडने निरोप परत मिळवणे

ब्रेडबोर्डवर एक जर्मेनियम डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, घ्या. जर्मेनियमच हवा, कारण तो ०.२ ते ०.३ व्होल्टवर वाहू लागतो, तर सिलिकॉनला सुमारे ०.६ लागतात आणि लहान लहरीचा तळाचा भाग त्यातच हरवतो. जनरेटरचे टोक डायोडला, डायोडचे दुसरे टोक १० किलोओहमच्या रेझिस्टरला आणि त्याला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला. त्या दोहोंची उरलेली टोके ग्राउंडला. वाहक लहरीची उंची ४ व्होल्टच्या आसपास ठेवा. सीआरओचा प्रोब कपॅसिटरवर लावला की ५०० किलोहर्ट्झ गायब होऊन १ किलोहर्ट्झचा संदेश दिसेल.

हे कसे घडते ते आकड्यांत पाहावे. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार १०० मायक्रोसेकंद होतो. वाहकाचे एक आवर्तन २ मायक्रोसेकंदांत संपते, त्यामुळे तेवढ्यात कपॅसिटर फारसा रिकामा होत नाही. संदेशाचे आवर्तन मात्र १००० मायक्रोसेकंद चालते, त्यामुळे त्याच्या उतारासोबत कपॅसिटर खाली येऊ शकतो. कपॅसिटर ही टाकी आणि रेझिस्टर ही तिची तोटी मानली, तर शेतातील टाकीची तोटी किती उघडावी याचाच हा हिशेब आहे. आता मुद्दाम चुका करा. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा लावा: टाकी वेळेत रिकामी होत नाही आणि संदेशाचा उतार तिरक्या सरळ रेषेत कापला जातो. मग १०० पिकोफॅरडचा लावा: टाकी दर आवर्तनाला रिकामी होते आणि वाहकाचे दाते संदेशावर उमटतात. हे दोन बिघाड एकदा पाहिले की नादुरुस्त संचातला घोगरा आवाज ऐकूनही कुठे हात घालायचा ते सुचते.

सहावी पायरी: एफएम, आणि वळवाचा पाऊस

मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून आले की मध्यमलहरीवरील रेडिओ आधी कडकडतो आणि मग पाऊस येतो, हे मराठवाड्यातील जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. शिवारातील मोटारीचा स्टार्टर पडला तरी तीच खरखर होते. वीज किंवा ठिणगी लहरीच्या उंचीत भर घालते, आणि एएम संच उंचीच वाचत असल्याने त्याला ही भर निरोपच वाटते. एफएममध्ये, म्हणजे वारंवारता मॉड्युलेशनमध्ये, निरोप उंचीत ठेवलेलाच नसतो. उंची स्थिर ठेवून वारंवारता मागेपुढे हलवली जाते, आणि ग्राहक यंत्र उंचीतील कमीजास्तपणा आधीच छाटून टाकते.

इथे एक गल्लत नेहमी होते. आवाज मोठा झाला की वारंवारता मूळ जागेपासून अधिक दूर सरकते. आवाज चढ्या पट्टीचा झाला की ती सेकंदाला अधिक वेळा मागेपुढे होते. ‘किती दूर’ म्हणजे विचलन, आणि ‘किती वेळा’ म्हणजे संदेशाची वारंवारता. स्प्रेडशीटमध्ये हे वेगळे करून पाहा: वाहकाच्या २० आवर्तनांच्या कोनात २ आवर्तनांच्या साइनची ५ पट मिळवा आणि त्या एकूण कोनाचा कॉस काढा. लहर कधी दाट, कधी विरळ होईल, पण उंची सर्वत्र १ राहील. विचलन इथे ५ गुणिले २, म्हणजे १० आहे. लहर १० ते ३० या आवर्तनांच्या दरम्यान फिरते.

एफएम प्रक्षेपणात विचलन ७५ किलोहर्ट्झपर्यंत आणि आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत धरतात. दोहोंची बेरीज ९०, तिची दुप्पट १८०. एवढी जागा एका केंद्राला लागते. हा नियम अमेरिकन अभियंते जॉन कार्सन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनीच १९२२ मध्ये गणिताने दाखवले होते की विचलन कितीही कमी केले तरी एफएमला एएमपेक्षा कमी जागा पुरत नाही, आणि त्यामुळे ही पद्धत निरुपयोगी ठरल्यासारखी झाली. अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी उलट विचार केला: जागा वाचवण्याऐवजी मुद्दाम जास्त वापरली आणि त्या बदल्यात खरखर घालवली. १९३३ मध्ये त्यांना याचे पेटंट मिळाले. त्यांचा हा निर्णय मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अंबाजोगाईच्या किंवा म्हैसमाळच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे अँटेना फिरवून ज्यांनी जुना टीव्ही पाहिला आहे त्यांनी दोन्ही पद्धती एकाच वेळी अनुभवल्या आहेत. त्यात चित्र एएमने आणि आवाज एफएमने येत असे. म्हणून पडद्यावर मुंग्या नाचत असतानाही बातम्या स्पष्ट ऐकू येत.

आता एक प्रयोग, जो ज्याला शक्य आहे त्याने चुकवू नये. जनरेटरवर २० किलोहर्ट्झची वाहक लहर, १ किलोहर्ट्झचा संदेश आणि एफएम विचलन आधी शून्य ठेवा. डिजिटल सीआरओवर एफएफटी, म्हणजे लहरीत कोणकोणत्या वारंवारता आहेत ते दाखवणारी सोय, चालू केल्यास २० वर एकच रेषा दिसेल. विचलन हळूहळू वाढवा. १९ आणि २१ वर रेषा उगवतील, मग १८ आणि २२ वर, आणि मधली रेषा खाली खाली जाईल. विचलन २.४ किलोहर्ट्झच्या जवळ आले की मधली रेषा नाहीशी होते. जनरेटर पूर्ण ताकदीने चालू आहे, लहरीची उंची तसूभरही कमी झालेली नाही, आणि तरीही वाहकाच्या जागी काहीच नाही. सारी शक्ती साइडबँडमध्ये गेलेली आहे. विचलनाला संदेशाच्या वारंवारतेने भागून येणारा निर्देशांक २.४०५ झाला की असे घडते, आणि अभियंते ट्रान्समीटरचे विचलन अचूक लावण्यासाठी याच खुणेचा उपयोग करतात.

सातवी पायरी: अंकांचे मॉड्युलेशन

मोबाइल आणि डिश यांत आवाजाऐवजी शून्य आणि एक पाठवायचे असतात. उंची बदलली तर एएसके, वारंवारता बदलली तर एफएसके, लहरीची कला म्हणजे फेज बदलली तर पीएसके. कला आणि उंची दोन्ही बदलून एका खेपेत अधिक अंक पाठवण्याच्या पद्धतीला क्वाम म्हणतात: १६ क्वाममध्ये एका खेपेस ४ अंक जातात, ६४ मध्ये ६. पण कला आणि उंचीच्या या खुणा जितक्या जवळजवळ, तितकी त्यांची सरमिसळ होण्याची भीती अधिक. म्हणून फोर-जी फोन टॉवरजवळ असताना ६४ क्वाम वापरतो आणि शिवाराच्या टोकाला संकेत क्षीण झाला की एका खेपेस दोनच अंक नेणाऱ्या क्यूपीएसकेवर उतरतो. संपर्क टिकतो, वेग पडतो.

आठवी पायरी: खऱ्या केंद्राची लहर पाहणे

आरटीएल-एसडीआर नावाचे पेन ड्राइव्हएवढे ग्राहक यंत्र संगणकाला लावून एफएमचा पट्टा पडद्यावर पाहता येतो. ते केवळ ऐकते, प्रक्षेपण करत नाही. आपल्या जवळचे केंद्र लावा: बीडकडे असाल तर १०२.९, छत्रपती संभाजीनगरकडे असाल तर १०१.७ मेगाहर्ट्झ. निवेदक थांबला की रेषा अरुंद होते आणि गाणे सुरू झाले की ती दोन्ही बाजूंना पसरते; हे पसरणे म्हणजेच निरोप. सॉफ्टवेअरमध्ये उलगडलेल्या आवाजाचा पट्टा पाहण्याची सोय असते, तीही उघडा. केंद्र स्टिरिओ असेल तर १९ किलोहर्ट्झवर एक बारीक, स्थिर रेषा दिसेल. तिला पायलट म्हणतात. डाव्या आणि उजव्या आवाजातील फरक ३८ किलोहर्ट्झच्या वाहकावर एएम करून पाठवलेला असतो, परंतु तो वाहक गाळलेला असतो. रेडिओ १९ ची दुप्पट करून तो स्वतःच तयार करतो. वाद्ये वाजत असताना ३८ च्या खुणेकडे नीट पाहा: दोन्ही अंगांना साइडबँड हलत असतील, आणि मधली जागा रिकामी असेल.